विश्लेषण : पुलगावच्या आगीआधी वर्षभर ‘कॅग’ने काय लिहिले होते? लष्करी खर्चाचे ऑडिट नेमके कसे होते?

वर्धा जिल्ह्यातील पुलगावच्या दारूगोळा भांडाराला २०१६ मध्ये लागलेल्या आगीत १९ जणांचा मृत्यू झाला. लष्कराच्या दारूगोळा भांडारांमध्ये अग्निशमन साधने पुरेशी नाहीत, अशी नोंद असलेला ‘कॅग’चा अहवाल त्याआधी जवळपास १३ महिने संसदेत मांडला गेला होता. लष्कराच्या खर्चाचे, कंत्राटांचे आणि साठ्याचे ऑडिट कोण करते, त्यात काय तपासले जाते आणि इशारा दिल्यानंतर पुढे काय होते, हे समजून घेऊया.

बेसाहून दीडशे किलोमीटरच्या आत काय काय आहे?

बेसा चौकातून मनीषनगरमार्गे वर्धा रोड गाठायचा. बुटीबोरी, सेलू, पवनार, वर्धा, देवळी करत पुढे गेले की पुलगाव येते. तिथे सुमारे सात हजार एकरांवर पसरलेला लष्कराचा केंद्रीय दारूगोळा साठा आहे. देशातील कारखान्यांमधून तयार होऊन आलेला आणि परदेशातून आयात केलेला दारूगोळा इथे उतरतो, तपासला जातो, साठवला जातो आणि मागणीप्रमाणे पुढच्या भांडारांकडे रवाना होतो. आशियातील मोठ्या दारूगोळा भांडारांमध्ये त्याची गणना होते.

नकाशावर बेसा मध्यभागी ठेवून दीडशे किलोमीटरचे वर्तुळ काढले तर पुलगाव त्यात एकटे राहत नाही. नागपुरातच अंबाझरीचा आयुध निर्माणी कारखाना आहे. वायुसेनानगरात हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय आहे. विमानांची दुरुस्ती आणि सुट्या भागांचा देशभरातील पुरवठा हेच या कमांडचे काम. अमरावती रोडवर बाजारगावला सोलर समूहाचा स्फोटकांचा खासगी कारखाना आहे. भंडाऱ्याजवळ जवाहरनगरची आयुध निर्माणी आहे आणि चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला चांदा आयुध निर्माणी. बनवणे, साठवणे, दुरुस्त करणे आणि पुरवणे या लष्करी पुरवठ्याच्या चारही पायऱ्या या एका वर्तुळात सापडतात.

त्यामुळे लष्कराच्या खर्चाचे ऑडिट हा विदर्भासाठी फक्त दिल्लीतल्या फायलींचा विषय नाही. या कारखान्यांमध्ये आणि भांडारांमध्ये काम करणारी माणसे इथल्याच गावांतली आहेत.

३१ मे २०१६ च्या रात्री काय झाले?

३० मेची रात्र संपून ३१ मे उजाडण्याआधी, मध्यरात्री एकच्या सुमारास भांडारातील एका शेडला आग लागली. त्या शेडमध्ये रणगाडाविरोधी सुरुंग ठेवलेले होते. आग विझवायला धावलेली माणसे जवळ असतानाच मोठा स्फोट झाला. मृतांमध्ये दोन लष्करी अधिकारी आणि अग्निशमन दलाचे कर्मचारी होते. स्फोटाचे हादरे आसपासच्या गावांना बसले आणि आगरगावसह जवळच्या वस्त्यांमधील लोकांना रात्रीच घराबाहेर काढावे लागले. आग शेजारच्या शेडपर्यंत पोहोचली नाही, म्हणून याहून मोठा अनर्थ टळला.

लष्कराने चौकशी नेमली. तिचे जे निष्कर्ष माध्यमांमधून समोर आले, त्यानुसार सुरुंगांमधून टीएनटी हे स्फोटक बाहेर झिरपत होते आणि आगीचे मूळ तिथे होते.

हे झिरपणे म्हणजे काय? शुद्ध टीएनटी साधारण ८० अंश सेल्सिअसला वितळते. म्हणजे विदर्भातल्या मे महिन्यातही ते घट्टच राहायला हवे. पण बनवताना त्यात काही अशुद्ध घटक उरले तर त्यांचे टीएनटीसोबत जे मिश्रण होते, ते खूप कमी तापमानाला पातळ होते. वर्षानुवर्षे उन्हाळ्याचा ताप सोसल्यावर हे तेलकट मिश्रण सुरुंगाच्या सांध्यांमधून बाहेर येऊ लागते. बाहेर आलेले स्फोटक खोक्याला, लाकडाला, जमिनीला लागते. मग एरवी सुरक्षित असलेली वस्तू धोक्याची बनते.

म्हणजे प्रश्न एका रात्रीचा नव्हता. सुरुंग तयार करताना स्फोटकाची शुद्धता कोणी तपासली? दोष दिसल्यावर तो माल बाजूला का ठेवला गेला नाही? दुरुस्त करायचा की नष्ट करायचा, याचा निर्णय कोणी आणि किती दिवसांत घ्यायचा होता? हे सगळे प्रश्न कागदावर असतात आणि ऑडिटवाले नेमके तेच कागद वाचतात.

ऑडिट म्हणजे फक्त हिशेब जुळवणे का?

नाही. फ्लॅट स्कीममध्ये राहणाऱ्यांना हे लगेच समजेल. सोसायटीच्या वार्षिक सभेत तीन प्रकारचे प्रश्न विचारले जातात.

पहिला, बँकेतली शिल्लक आणि वहीतली शिल्लक जुळते का? हे वित्तीय ऑडिट.

दुसरा, लिफ्टच्या दुरुस्तीचे काम देताना तीन कोटेशन घेतली होती का, की अध्यक्षांनी ओळखीच्या माणसाला काम दिले? म्हणजेच नियम पाळले का? हे अनुपालन ऑडिट.

तिसरा प्रश्न सर्वात अवघड. पैसे दिले, पावती आहे, कोटेशनही आहेत. पण लिफ्ट चालते का? जिन्यातले अग्निशमन सिलिंडर भरलेले आहे का? हे कामगिरी ऑडिट.

लष्कराच्या बाबतीतही हेच तीन प्रकार आहेत. घोटाळ्यांच्या बातम्या बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारातून येतात, त्यामुळे ऑडिट म्हणजे चोर पकडणे असा समज होतो. पण सैनिकाच्या दृष्टीने तिसरा प्रकार सर्वात महत्त्वाचा. एक रुपयाही कोणी खाल्ला नसेल आणि तरीही तोफगोळा ऐनवेळी वापरता येत नसेल, तर तो पैसा वायाच गेला.

लष्कराचा खर्च कोण कोण तपासते?

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात संरक्षण मंत्रालयासाठी सुमारे ६.८१ लाख कोटी रुपये होते. त्यातले सुमारे १.८० लाख कोटी नवी शस्त्रे, विमाने, जहाजे अशा भांडवली खर्चासाठी आणि सुमारे १.६० लाख कोटी निवृत्तिवेतनासाठी. उरलेल्या रकमेतला मोठा वाटा पगार, इंधन, दारूगोळा, सुटे भाग, कपडे आणि शिधा यांचा. या पैशावर चार पातळ्यांवर नजर असते.

१. आर्थिक सल्लागार : खरेदीचा प्रस्ताव मंजूर होण्याआधी त्यावर आर्थिक सल्लागाराचे मत घ्यावे लागते. वस्तूची गरज आहे का, दर वाजवी आहे का, तरतूद आहे का, हे तो पाहतो.

२. संरक्षण लेखा विभाग : बिल मंजूर करून पैसे देण्याचे आणि अंतर्गत ऑडिटचे काम हा विभाग करतो. पुण्यात त्याची मोठी कार्यालये आहेत. लष्करी अधिकाऱ्यांच्या पगाराचा हिशेबही पुण्यातूनच होतो.

३. ‘कॅग’ म्हणजे भारताचे नियंत्रक आणि महालेखापरीक्षक : हे बाहेरचे ऑडिट. राज्यघटनेच्या १४८ ते १५१ या कलमांनी आणि १९७१ च्या कायद्याने त्यांना अधिकार दिले आहेत. कॅग सरकारला नव्हे तर राष्ट्रपतींना अहवाल देतात आणि तो संसदेत मांडला जातो.

४. संसदेची लोकलेखा समिती : लोकसभेचे १५ आणि राज्यसभेचे ७ असे २२ सदस्य. १९६७ पासून अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे. कॅगच्या अहवालातील निवडक मुद्द्यांवर ही समिती सचिवांना बोलावून प्रश्न विचारते.

एखाद्या कंत्राटात ऑडिटवाले काय शोधतात?

नागपूरचेच उदाहरण घेऊ. १ ऑक्टोबर २०२० रोजी संरक्षण मंत्रालयाने सोलर समूहातील इकॉनॉमिक एक्सप्लोझिव्हज लिमिटेड या नागपूरच्या कंपनीशी १० लाख मल्टी-मोड हातबॉम्बसाठी करार केला. किंमत सुमारे ४०९ कोटी रुपये. म्हणजे एका हातबॉम्बला साधारण ४,०९० रुपये. रचना डीआरडीओची. ऑगस्ट २०२१ मध्ये पहिली खेप लष्कराला देण्यात आली.

या करारावर कोणता आक्षेप आहे असे नाही. पण अशी कोणतीही फाईल समोर आली की ऑडिट पथक ठराविक क्रमाने प्रश्न विचारते.

- गरज : १० लाख हा आकडा कुठून आला? सध्याचा साठा, वार्षिक वापर आणि राखीव साठ्याचे निकष धरून तो काढला आहे का?
- स्पर्धा : किती कंपन्यांना निविदा पाठवली? एकालाच पाठवली असेल तर कारण फाईलवर आहे का?
- दर : ४,०९० रुपये वाजवी हे कशावरून ठरवले? आधीचा खरेदीदर, कच्च्या मालाचा भाव, तुलना कुठे आहे?
- चाचणी : निविदेत मागितलेले गुणधर्म आणि चाचणीत तपासलेले गुणधर्म एकच आहेत का, की मधेच एखादी अट शिथिल झाली?
- मुदत : माल वेळेत आला का? उशीर झाला असेल तर करारातल्या दराने दंड कापला का, की माफ केला? माफ केला तर कोणत्या अधिकारात?
- स्वीकृती : तपासणीचा शिक्का कोणत्या तारखेचा? पैसे त्याआधी दिले की नंतर?
- वापर : आलेला माल पुढे युनिटपर्यंत गेला का, की भांडारात मुदत संपेपर्यंत पडून राहिला?

शेवटचा प्रश्न पुरवठा व्यवस्थापनाचा. खरेदी उत्तम आणि साठवण वाईट असेल तर पहिल्या सहा प्रश्नांच्या चांगल्या उत्तरांचा उपयोग नसतो.

खासगी कंपनीची वही कॅग उघडतात का?

साधारणपणे नाही. खासगी कंपनीशी झालेल्या करारात कॅग सरकारची बाजू तपासतात. सरकारने काय मागितले, किती मोजले आणि काय स्वीकारले, एवढेच त्यांच्यासमोर असते.

आयुध निर्माणींबाबत मात्र मोठा बदल झाला आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून आयुध निर्माणी मंडळाच्या ४१ कारखान्यांच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. अंबाझरीचा कारखाना यंत्र इंडिया लिमिटेडकडे गेला आणि या कंपनीचे मुख्यालय नागपुरातच आहे. भंडारा आणि चांदा हे कारखाने पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेले.

आधी हे कारखाने सरकारी खात्याचा भाग होते. आता ते कंपनी कायद्याखाली आहेत. त्यांचे वैधानिक लेखापरीक्षक कॅग नेमतात आणि त्यानंतर पूरक ऑडिटही करू शकतात. लष्कर आता ग्राहक आणि कारखाना विक्रेता झाला आहे. पूर्वी कारखाने आणि त्यांच्या मालाची तपासणी करणारी गुणवत्ता यंत्रणा, दोन्ही संरक्षण उत्पादन विभागाच्याच छत्राखाली होते. माल खराब निघाला की कारखाना, तपासनीस आणि लष्कर यांच्यात दोष कुणाचा यावर पत्रव्यवहार चाले. तोवर तो माल शेडमध्येच असे.

२०१५ च्या अहवालात काय होते?

मे २०१५ मध्ये लष्कराच्या दारूगोळा व्यवस्थापनावरचा कॅगचा कामगिरी ऑडिट अहवाल संसदेत मांडला गेला. तो समजून घेण्यासाठी दोन शब्द माहीत हवेत.

‘वॉर वेस्टेज रिझर्व्ह’ म्हणजे युद्धासाठी राखून ठेवायचा साठा. तीव्र युद्धाचे ४० दिवस पुरेल इतका. आणि ‘मार्ल’ म्हणजे त्याखाली साठा जाऊच नये अशी किमान पातळी. १९९९ मध्ये ती २० दिवसांची ठरवण्यात आली.

मार्च २०१३ च्या स्थितीनुसार अहवालातले चित्र असे होते : दारूगोळ्याच्या १७० प्रकारांपैकी १२५ प्रकारांचा साठा २० दिवसांच्या किमान पातळीपेक्षाही कमी होता. त्यातही ८५ प्रकार १० दिवसही पुरले नसते.

दुसरा मुद्दा फ्यूजचा. तोफगोळा म्हणजे स्फोटक भरलेले कवच. तो कधी फुटायचा हे फ्यूज ठरवतो. फ्यूज नसेल तर गोळा मोजणीत येतो, पण तोफेत येत नाही. साठ्याच्या वहीत ‘आहे’ आणि सीमेवर ‘नाही’, असा हा प्रकार. फक्त हिशेब जुळवणाऱ्या ऑडिटला हे कधीच दिसले नसते, कारण वही तंतोतंत जुळते.

तिसरा मुद्दा भांडारांचा. तपासणीची, दुरुस्तीची किंवा नष्ट करण्याची वाट पाहत असलेला दारूगोळा साचून होता. आणि भांडारांमध्ये मंजूर प्रमाणात अग्निशमन साधने नसल्याने ती आगीचा धोका पत्करून चालत आहेत, असेही नोंदवले होते.

यानंतर जवळपास १३ महिन्यांनी पुलगाव पेटले.

इथे एक फरक लक्षात ठेवायला हवा. कॅगने पुलगावच्या आगीचे भाकीत केले नव्हते. शिवाय आग का लागते आणि लागल्यावर ती विझवायला काय आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पुलगावचे जे कारण समोर आले ते सदोष मालाचे होते. पण दोन्ही प्रश्न त्याच अहवालाच्या पानांवर होते : नको असलेला माल साचतो आहे आणि आगीसाठीची तयारी अपुरी आहे.

इशारा मिळाल्यावर पुढे काय होते?

कॅगकडे आदेश देण्याचा अधिकार नाही. ते काम थांबवू शकत नाहीत, कुणाला निलंबित करू शकत नाहीत, पैसेही देऊ शकत नाहीत. त्यांच्या हातात असतो तो प्रश्न आणि त्याची नोंद.

ही नोंद टप्प्याटप्प्याने वर जाते. पथक आधी संबंधित युनिटला लेखी विचारणा करते. उत्तर पटले नाही तर मुद्दा ऑडिट अहवालात जातो. गंभीर मुद्द्याचा मसुदा मंत्रालयाला पाठवून सहा आठवड्यांत उत्तर मागितले जाते. अहवाल संसदेत मांडल्यावर मंत्रालयाने चार महिन्यांत ‘काय कारवाई केली’ याची टिपणी द्यायची असते.

प्रत्यक्षात अडचण इथेच येते. टिपणीत ‘प्रक्रिया सुरू आहे’, ‘मागणी नोंदवली आहे’, ‘सूचना दिल्या आहेत’ अशी वाक्ये येतात. ही वाक्ये खोटी नसतात. पण मागणी नोंदवणे आणि सिलिंडर शेडबाहेर टांगलेले असणे यात मंजुरी, तरतूद, निविदा आणि पुरवठा अशा चार पायऱ्या असतात. प्रत्येक पायरीवर वेगळा अधिकारी, वेगळे खाते.

कॅगने या अहवालाचा पाठपुरावा केला. २१ जुलै २०१७ रोजी मांडलेल्या अहवालात सप्टेंबर २०१६ ची स्थिती होती. तपासलेल्या १५२ प्रकारांपैकी ८३ प्रकार किमान पातळीखाली आणि ६१ प्रकार १० दिवसांपेक्षा कमी. टक्केवारीत पाहिले तर ७४ वरून ५५ आणि ५० वरून ४०. सुधारणा होती, पण साडेतीन वर्षांत एवढीच.

त्या वेळी संरक्षण खात्याची जबाबदारी असलेले अरुण जेटली यांनी सैन्य पुरेसे सज्ज असल्याचे संसदेत सांगितले. त्याच सुमारास तातडीच्या दारूगोळा खरेदीचे अधिकार थेट लष्कराच्या उपप्रमुखांना देण्यात आले, म्हणजे प्रत्येक फाईल मंत्रालयात जाऊन यायची गरज उरली नाही. ऑडिटमुळे बदल होतो तो बहुतेक वेळा असा. शिक्षा होत नाही, फाईलचा रस्ता बदलतो.

आक्षेप म्हणजे गुन्हा सिद्ध झाला का?

नाही, आणि ही गल्लत वारंवार होते. कारगिल युद्धानंतर शहीद जवानांसाठी अॅल्युमिनियमच्या शवपेट्या अमेरिकी कंपनीकडून मागवल्या गेल्या. त्यांचे वजन ठरल्यापेक्षा बरेच जास्त निघाले आणि किंमतही वादग्रस्त ठरली. २००१ च्या कॅग अहवालाने त्यावर बोट ठेवले आणि देशभर वादळ उठले. सीबीआयने गुन्हा दाखल केला. पण २०१३ मध्ये विशेष न्यायालयाने आरोपी लष्करी अधिकाऱ्यांना दोषमुक्त केले.

त्यामुळे ऑडिट चुकीचे ठरते का? तसेही नाही. ऑडिट विचारते, ‘हा निर्णय नियमात आणि पैशाच्या मोलात बसतो का?’ न्यायालय विचारते, ‘यात गुन्हेगारी हेतू होता का?’ दोन्हींची उत्तरे वेगळी असू शकतात.

हा प्रश्न फक्त भारताचा आहे का?

अमेरिकेच्या संरक्षण खात्याचे पहिले सर्वंकष ऑडिट २०१८ मध्ये झाले. तेव्हापासून २०२४ पर्यंत सलग सात वेळा पेंटागॉन त्यात नापास झाले. याचा अर्थ सगळा पैसा चोरीला गेला असा नाही. आपल्याकडे नेमके काय, किती आणि कुठे आहे, हे लेखापरीक्षकांना पटेल अशा नोंदींनी त्यांना दाखवता आले नाही. २०२३ मध्ये तिथल्या सरकारी लेखापरीक्षण संस्थेने दाखवून दिले की एफ-३५ या लढाऊ विमानाचे दहा लाखांहून अधिक सुटे भाग २०१८ पासून हरवल्याच्या नोंदी आहेत. तिथे २०२८ च्या अखेरपर्यंत ऑडिटमध्ये पास होण्याची मुदत कायद्यानेच घालून दिली आहे.

जुना माल नष्ट करण्याचे कंत्राटही तपासले जाते का?

खरेदीच्या कोट्यवधींच्या बातम्या होतात, पण दारूगोळ्याचे आयुष्य नष्ट करण्यापाशी संपते आणि तो टप्पा सर्वात दुर्लक्षित असतो. २० नोव्हेंबर २०१८ च्या सकाळी पुलगाव भांडाराच्या हद्दीजवळ सोनेगाव (आबाजी) परिसरात जुना दारूगोळा नष्ट करण्याचे काम सुरू असताना स्फोट झाला आणि सहा जणांचा मृत्यू झाला. हा दारूगोळा जबलपूरच्या खमरिया आयुध निर्माणीतून आलेला होता. मृतांमध्ये कंत्राटी मजूर होते.

अशा कंत्राटाची रक्कम हातबॉम्बच्या कराराच्या तुलनेत नगण्य असते. रकमेप्रमाणे फायली निवडल्या तर ती निवडीत येणारच नाही. म्हणून आता ऑडिटमध्ये रकमेसोबत जोखीमही मोजण्यावर भर दिला जातो. खोकी उतरवणाऱ्या मजुराला प्रशिक्षण दिले होते का, त्याचा विमा होता का, देखरेखीला कोण होते, हे प्रश्न स्वस्त कंत्राटातच जास्त विचारायला हवेत.

कारखान्यातील धोकाही संपलेला नाही. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडारा आयुध निर्माणीतील स्फोटात आठ कामगारांचा जीव गेला. जवाहरनगर काय किंवा पुलगाव काय, सकाळी कामावर गेलेला माणूस संध्याकाळी घरी येणे हेही पुरवठा व्यवस्थापनाचेच मोजमाप आहे.

सामान्य वाचकाला हे अहवाल वाचता येतात का?

काही प्रमाणात. कॅगचे अनेक अहवाल त्यांच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. वर उल्लेख केलेला २०१५ चा अहवाल क्रमांक १९ आणि २०१७ चा क्रमांक १५. मात्र त्यानंतर संरक्षण दलांवरील अहवाल संकेतस्थळावर टाकणे थांबले. शत्रुराष्ट्रांनाही ते वाचता येतात म्हणून हा निर्णय जाणीवपूर्वक घेतल्याचे तत्कालीन कॅग राजीव महर्षी यांनी २०२० मध्ये सांगितले होते. अहवाल संसदेत मांडले जातात, म्हणजे खासदारांपर्यंत पोहोचतात. पण मोबाईलवर शोधणाऱ्या नागरिकापर्यंत सहज पोहोचत नाहीत.

यात दोन्ही बाजूंना तथ्य आहे. कोणता गोळा किती दिवस पुरेल हा आकडा उघड करणे धोक्याचे असू शकते. पण भांडारात अग्निशमन कर्मचारी पुरेसे आहेत का, सदोष माल किती वर्षे पडून आहे, कंत्राटी मजुरांची सुरक्षा कोण पाहते, ही माहिती शत्रूपेक्षा आगरगावच्या रहिवाशाला जास्त उपयोगाची आहे. दोन्ही प्रकारची माहिती एकाच कुलपात ठेवली की संसदेत प्रश्न विचारण्यासाठी बाहेरून येणारा दबावही कमी होतो.

मग एखादा अहवाल आला की काय पाहायचे?

बातमीत सर्वात मोठा आकडा कोट्यवधींचा असतो. तो वाचून झाला की तीन गोष्टी शोधाव्यात. अहवालातील स्थिती कोणत्या तारखेची आहे? बहुतेक वेळा ती दोन-तीन वर्षे जुनी असते. मंत्रालयाने उत्तरात ‘केले’ असे म्हटले आहे की ‘करत आहोत’? आणि हाच मुद्दा आधीच्या अहवालातही होता का?

तिसरा प्रश्न सर्वात जास्त सांगून जातो. एकदा आलेला आक्षेप ही चूक असू शकते. तोच आक्षेप पुन्हा आला तर चूक कुठे आहे हे सगळ्यांना माहीत आहे आणि ती दुरुस्त करणे कुणा एकाचे काम नाही, असा त्याचा अर्थ होतो. २०१५ च्या अहवालात अग्निशमन साधनांबद्दलचा मुद्दा होता. २०१७ च्या पाठपुराव्यातही भांडारांमधील अग्निशमन व्यवस्थेच्या उणिवा होत्या. या दोन अहवालांच्या मधे ३१ मे २०१६ ही तारीख येते.